पात्राचं नाव आत्याला ठेवू द्या
कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी : काय करावे, काय टाळावे

कथा सुचावी म्हणून कोणी कानाला हेडफोन लावून बसतं, कोणी मोबाइलवर बाळांच्या नावांची यादी चाळतं. दोघांसाठी हे टिपण. उदाहरणं बहुतेक बीड जिल्ह्यातली, कारण गाणी आणि नावं या दोन्ही गोष्टी इथं नुसत्या शोभेच्या नाहीत.

करावे

• गाणं कोण म्हणतंय, कुणासाठी आणि कोणतं काम करता करता, हे आधी बघावं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात. माजलगावच्या भीमनगरात 1996 साली ध्वनिमुद्रित केलेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. त्या नीट ऐकाव्यात. एक बाई ओळ सुरू करते, दुसरी उचलते. जात्यात मूठ टाकायला हात जातो तेव्हा आवाज जरा सैल पडतो. ठरलेल्या ओळीत आपल्या भावाचं, लेकाचं नाव बसवलेलं असतं. त्या नावासाठी सूर थोडा ताणावा लागतो, पण बाई नाव बदलत नाही, सूर ताणते. कथाकाराने शिकावं ते इथं. आता गावात गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्या मात्र तोंडपाठ राहिल्या. एखादी म्हातारी त्या ओव्या आता कधी म्हणत असेल, कुणादेखत? एवढ्या प्रश्नावर एक कथा निघते.

• गाणं बंद करून मग लिहावं, आणि गाण्याआधी काय घडतं ते लिहावं. हलगीवाला वाजवण्याआधी पाचटाचा जाळ करून हलगी शेकतो, बोटाने टिचकी मारून बघतो, पुन्हा शेकतो. चामडं ताणलं की आवाज कडक निघतो. वरात निघण्याआधीची ती पाच मिनिटं कथेत आणावीत. वरातीचं वर्णन सगळेच करतात.

• नाव ठेवताना एक प्रश्न विचारावा : हे नाव कुणी ठेवलं? पात्र स्वतःचं नाव घेऊन जन्माला येत नाही. बाराव्या दिवशी पाळण्याशी आत्या वाकते, कानात 'कुर्र' करते आणि नाव सांगते. ती आत्या कोण, तिचं भावाशी पटतं का, नाव तिच्या पसंतीचं की भावजयीने आधीच ठरवून तिच्या तोंडी दिलेलं, हे लेखकाला माहीत पाहिजे. कथेत ते एका ओळीनेही आलं नाही तरी चालेल. दगडू, धोंडू ही नावं आधीची लेकरं दगावलेल्या घरात ठेवायची जुनी रीत होती. म्हणजे दगडू पहिल्या पानावर येतो तेव्हा घरात दोन-तीन पाळणे रिकामे झालेले असतात.

• बाईची दोन्ही नावं मांडून ठेवावीत. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात. त्या दिवसानंतर जुन्या नावाने हाक मारणारी माणसं किती उरली, ती मोजावीत. पुढं 'गणूची माय' हे तिसरं नाव पडतं ते वेगळंच.

• नकाशा नावातून दिसू द्यावा. परळीच्या आसपास वैजनाथ, अंबाजोगाईकडं योगेश्वरी. मन्मथ म्हटलं की कपिलधार आठवतं, भगवान म्हटलं की पाटोद्याकडचं सावरगाव, भगवानबाबांचं जन्मगाव. यात जातही कळते, म्हणून नाव डोळे उघडे ठेवून निवडावं. अंबाजोगाईची कथा तर तयारच आहे : योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला आणि सगळं वऱ्हाड दगडाचं झालं असं सांगतात. हत्तीखान्याची लेणी त्याच वऱ्हाडाशी जोडतात. आता त्या गावात एखाद्या मुलीचं नाव योगेश्वरी आहे आणि तिचं लग्न लांबतंय. शेजारणी काय बोलत असतील?

• हाक वेगळी लिहावी. कागदावर ज्ञानोबा, घरात ग्यानू, ऊसतोडीच्या मुकादमापुढं नुसतं 'ए', आणि सरपंच झाल्यावर बाप्पा.

टाळावे

• सगळ्या ऊसतोड्यांची नावं सखाराम आणि पारू ठेवणं. आज फडात मोळी बांधणारी वीस वर्षांची पोरगी पूजा असते, नवरा आकाश. त्यांच्या ट्रॅक्टरवर मोठ्ठे स्पीकर बांधलेले असतात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात तेव्हा रस्त्यावर उभं राहून ऐकावं काय वाजतंय. शहरातला लेखक त्या जागी हमखास लोकगीत घालतो. आगाऊ उचल घेतलेली जोडी सहा महिन्यांसाठी घर सोडताना धांगडधिंग्याचं गाणं लावते, यात जास्त दुःख आहे.

• दुसऱ्याने कथेसाठीच रचलेल्या गाण्यावर आपली कथा उभी करणं. 'जैत रे जैत' (1977) चित्रपटाची महानोरांची गाणी गोनीदांच्या कादंबरीतल्या नाग्या-चिंधीची आहेत. ती ऐकून लिहायला बसलात तर नाग्याच परत येणार.

• अर्थासाठी नाव ठेवणं. सोशिक बाई 'धरित्री', बंडखोर पोरगी 'क्रांती', असलं काही. उद्धव शेळक्यांच्या 'धग' (1960) मधली कौतिक आठवा. साधं, चालतं नाव. तिच्या वाट्याला कौतुक किती येतं ते वाचकच पाहतो, लेखकाला बोट दाखवावं लागत नाही. 'कोसला' (1963) मधला पांडुरंग सांगवीकरही तसाच, पुण्यात शिकायला जातो तो आडनावात गाव घेऊन.

• सुरेश, सुभाष, सुनील एकाच कथेत.

• कथेत गाण्याचं अख्खं कडवं उतरवणं. पान भरतं, एवढंच.

• गावातल्या जित्या माणसाचं नाव-आडनाव जसंच्या तसं घेणं. नुसतं आडनाव बदलून भागत नाही. त्याची गल्ली, त्याची म्हैस आणि त्याची ठरलेली शिवी, तिन्ही बदलावी लागतात, नाहीतर पारावर पुस्तक मोठ्याने वाचलं जातं.