सोन्याची लाल रेघ आणि उसाचे बेणे



मागे एका गट-सभेत एक वडीलधारे सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, करोनाच्या वेळी नाकातला नमुना पट्टीवर टाकला की पंधरा मिनिटांत रेघ उमटायची. मग बेण्यात रोग आहे का नाही, हे सांगणारी पट्टी का निघत नाही?" प्रश्न साधा, पण लाखमोलाचा. सभेत दोन मिनिटांत त्याचे उत्तर देणे जमले नाही, म्हणून हा लेख.

रेघ कशाची असते?

त्या पट्टीवरची तांबडी रेघ शाईची नसते. बहुतेक पट्ट्यांत ती चक्क सोन्याची असते! आता तुम्ही म्हणाल, सोने तर पिवळे, मग रेघ लाल कशी? तर सोने अतिशय बारीक केले की त्याचा रंग पालटतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एका भागास नॅनोमीटर म्हणतात. पट्टीतले सोन्याचे कण साधारण २० ते ४० नॅनोमीटरचे असतात. चाळीस नॅनोमीटरचे पंचवीस हजार कण ओळीने मांडावेत, तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरतो.

एवढ्या लहान कणावर उजेड पडला की त्यातील विद्युत्कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, एकदम हेलकावे खाऊ लागतात आणि उजेडातला हिरवा भाग शोषून घेतात. उरलेला उजेड आपल्या डोळ्यांना लाल दिसतो. हेच कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले, तर रंग जांभळा-निळा होतो. म्हणजे कण सुटे असले तर लाल, एकत्र आले तर निळे. हा फरक बघावयास यंत्र लागत नाही, डोळे पुरतात.

हे ज्ञान काही कालचे नाही. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने लंडन येथे १८५७ साली असे लाल सोन्याचे पाणी तयार करून त्याचे कारण शोधले. पुढे १९५१ साली टर्केविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपी रीत दाखविली. सोन्याच्या क्षाराचे फिकट पिवळे पाणी उकळावयाचे आणि त्यात लिंबातल्या आम्लाचा क्षार, म्हणजे सायट्रेट, घालावयाचा. थोड्याच वेळात पाणी डाळिंबाच्या रसासारखे लाल होते. १९९६ साली अमेरिकेत मिर्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या कणांवर डी.एन.ए.चे तुकडे बसविले आणि जुळणारा डी.एन.ए. भेटताच लाल पाणी निळे होते, हे दाखवून दिले.

पट्टी काम कशी करते?

पाटाचे पाणी सरीत सोडले की जसे पुढे सरकते, तसा नमुन्याचा थेंब पट्टीत पुढे सरकतो. वाटेत त्याला सोन्याचे कण भेटतात. त्या कणांवर प्रतिद्रव्य चढविलेले असते. एका कुलपाला जशी एक किल्ली, तसे हे प्रतिद्रव्य ठराविक जंतूलाच धरते. नमुन्यात तो जंतू असेल तर सोने त्याला चिकटते आणि दोघे मिळून पुढे जातात. पुढे एका आडव्या रेषेवर तेच जंतू अडविणारे दुसरे प्रतिद्रव्य बसविलेले असते. तेथे सोने साठते आणि रेघ लाल दिसू लागते. जंतू नसेल तर सोने न थांबता पुढे निघून जाते.

त्याही पुढे दुसरी रेघ असते, ती पडताळ्याची. पट्टी चालू आहे, एवढेच ती सांगते. ही रेघ उमटली नाही तर पट्टी वाया गेली असे समजावे. निकाल ना होकारी, ना नकारी.

ज्यांच्या दारात दुभती जनावरे आहेत त्यांनी एक गंमत लक्षात ठेवावी. दुधात प्रतिजैविक औषधाचा अंश आहे का, हे पाहण्याच्या पट्ट्या निघाल्या आहेत. त्यांत बहुधा उलटा न्याय असतो. औषध असेल तर रेघ पुसट होते किंवा उमटतच नाही. म्हणून पट्टी कोणतीही असो, सोबतचा कागद आधी वाचावा.

सोने असून स्वस्त कसे?

एका पट्टीत लागणारे सोने ग्रॅमच्या दशलक्षांश भागांत मोजतात. एक ग्रॅम सोने हजारो पट्ट्यांना पुरते. खरा खर्च होतो तो नेमक्या जंतूला धरणारे प्रतिद्रव्य शोधण्यात आणि ते टिकविण्यात. शिमला येथील केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने बटाट्याच्या विषाणूंसाठी अशा पट्ट्या तयार केल्या आहेत. म्हणजे पिकासाठी पट्टी होऊ शकते, यात शंका नाही.

मग उसाचे घोडे अडले कुठे?

आर.एस.डी., म्हणजे खोडवा खुरटा ठेवणाऱ्या रोगाचे उदाहरण घेऊ. हा रोग १९४४-४५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात प्रथम ध्यानात आला. त्याचा जंतू प्रयोगशाळेत वाढविता आला तो थेट १९८० साली. एवढा तो चिवट आणि लपून राहणारा. वरून पान हिरवेगार, ना ठिपका ना करपा. लागण बरी दिसते, आणि खोडव्यात कांडी आखूड व बारीक होते. आपण म्हणतो पाणी कमी पडले, खत कमी पडले. खरा चोर बेण्यातून आणि तोडणीच्या कोयत्यावरून आलेला असतो. एकदा बेट रोगट झाले की फवारून तो जात नाही.

म्हणूनच बेणेमळ्यात उभ्या उभ्या तपासणी झाली तर सभासदांचे मोठे नुकसान टळेल. पण अडचण आहे ती नमुन्याची. हा जंतू उसाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत राहतो, पानावर सापडत नाही. जून उसाच्या बुडख्याकडील पेरांतून रस काढावा लागतो. सगळ्या उसांत तो सारखा नसतो, आणि कोवळ्या उसात फार थोडा असतो. जंतू थोडे असले तर पट्टीला ते दिसत नाहीत. त्यामुळे आजही भरवशाचा निकाल सूक्ष्मदर्शक, एलायझा आणि पी.सी.आर. या प्रयोगशाळेतील तपासण्यांचाच. शेताच्या बांधावर वापरावयाची आर.एस.डी.ची पट्टी आपल्याकडे अजून सर्रास वापरात आलेली नाही.

सभासदांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. बेणे त्रिस्तरीय बेणेमळ्यातीलच घ्यावे. मूलभूत बेण्यास ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेची अडीच तास प्रक्रिया झाली आहे का, हे विचारावे. विचारण्यात संकोच नको.

२. खोडव्याचे किंवा शेजाऱ्याच्या उसाचे बेणे "दिसायला चांगले आहे" म्हणून लावू नये. हा रोग दिसत नाही, हीच त्याची खोड आहे.

३. बेणे तोडताना कोयता लायसॉलसारख्या जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवीत जावे. निदान एका प्लॉटातून दुसऱ्या प्लॉटात जाताना तरी हे चुकवू नये.

४. तपासणीला नमुना देताना एकाच बेटातला ऊस न देता प्लॉटात फिरून निरनिराळ्या ठिकाणचे जून ऊस बुडख्यासह द्यावेत. नमुना चुकला तर तपासणी कितीही चांगली असली तरी फुकट.

५. कोणी दारात येऊन "नॅनो पट्टी" विकू लागला तर तीन प्रश्न विचारावेत : कोणत्या रोगाची? नमुना उसाच्या कोणत्या भागाचा घ्यावयाचा? प्रयोगशाळेतील तपासणीशी निकाल ताडून पाहिला आहे काय? नीट उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेवावेत.

६. कोणतीही पट्टी उन्हात किंवा ओलीत ठेवू नये, मुदत पाहावी आणि निकाल कागदावर दिलेल्या वेळेतच वाचावा. तासाभराने उमटलेली रेघ धरू नये.

आमच्या त्या वडीलधाऱ्या सभासदांना आता एवढेच सांगणे आहे की, दादा, पट्टी निघेल. पण पट्टी रोग दाखवील, बरा करणार नाही. ज्याचे बेणे शुद्ध आणि कोयता स्वच्छ, त्याच्या खोडव्याला ती नसली तरी फारसे अडत नाही; आणि ज्याने दोन्हीकडे दुर्लक्ष केले, त्याच्या शेतात सोन्याची रेघ उमटूनही उपयोग नाही.

— ऊसविकास विभाग