कॅनबेरा विमानाची प्रतिकृती : चुका शोधा व दुरुस्त करा



खऱ्या वस्तूची सगळी मापे सारख्याच पटीने लहान करून जी वस्तू बनवतात, तिला प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणतात. नकाशाला प्रमाण असते, तसेच हे. टेबलावर ठेवलेले विमान खऱ्यापेक्षा ७२ पट लहान आहे. त्याचे प्लॅस्टिकचे सुटे भाग खोक्यात मिळतात. पण खोक्यातले सगळेच बरोबर असते असे नाही. यात तीन चुका निघाल्या. त्या कशा ओळखल्या व कशा काढल्या, ते सांगतो.

विमानाची माहिती

कॅनबेरा हे बॉम्ब टाकणारे विमान. ते मूळ इंग्लंडचे. आपल्या हवाई दलात १९५७ साली आले व मे २००७ मध्ये निवृत्त झाले. पुण्याजवळ लोहगावला ही विमाने असत. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्तीच्या वेळी पुण्याहून १२ कॅनबेरा उडाली. त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. धावपट्टी फोडायची, पण विमानतळाच्या इमारतीला धक्का लावायचा नाही, असे ठरले होते. म्हणजे माप किती नेमके लागत असेल पहा!

माझे आजोबा लोहगावला या विमानांचे फिटर होते. आता त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. ते हाताने चाचपून ओळखतात. म्हणून रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, पण आकार चुकला की त्यांना लगेच कळतं.

साहित्य : पट्टी, चिकटपट्टी, प्लॅस्टिक चिकटवायचे सोल्यूशन, रंगारी भिंतीला लावतात ती लांबी, पॉलिश पेपर, सायकलचे छर्रे.

कृती

आधी सगळे भाग चिकटपट्टीने तात्पुरते जोडून पाहावेत. चुका तेव्हाच दिसतात.

१) शेपटी टेकते. विमानाला तीन ठिकाणी चाके असतात, एक पुढे नाकाखाली व दोन पंखांखाली. आपले विमान उभे केले की मागे बसायचे. खऱ्या विमानात पुढे माणसे व यंत्रे असतात, आपले नाक पोकळ. म्हणून नाकात छर्रे घालून वर लांबी भरली. पुढचे चाक जमिनीला टेकेपर्यंत एकेक छर्रा वाढवावा. पोटाचे दोन भाग चिकटवण्याआधीच हे काम करावे. नंतर आत हात जात नाही.

२) पंख आखूड. आजोबांनी पंखावर हात फिरवला आणि म्हणाले, "टोक तुटलंय का रे?" तुटलं नव्हतं. मग गणित केलं. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे साडेएकोणीस मीटर, म्हणजे १९५० सेंमी. १९५० भागिले ७२ बरोबर सुमारे २७ सेंमी १ मिमी. पट्टीने मोजले तर २६ सेंमी ५ मिमी भरले. ६ मिमी कमी! म्हणून दोन्ही टोकांना ३-३ मिमी जाडीचे प्लॅस्टिकचे तुकडे चिकटवले. सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात, त्या उरलेल्या चौकटीतून ते काढले. ब्लेडने कापायचे काम वडिलांनी केले. मुलांनी ते करू नये. मग टोक घासून गोलसर केले.

३) फट. पंख व पोट यांच्यामध्ये फट राहत होती. तिच्यात लांबी भरून एक दिवस वाळू दिली. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासला. आजोबा सांगतात, "नख अडकलं नाही म्हणजे झालं."

ही चूक नाही!

वैमानिकाची काचेची टोपी मध्यभागी नसून डाव्या बाजूला आहे. ती तशीच ठेवली आहे, कारण खऱ्या विमानातही तशीच होती. दुसरा माणूस पुढे नाकात असे आणि नेम धरताना पालथा झोपून काचेतून खाली बघत असे.

तेव्हा मित्रांनो, खोक्यावर छापले आहे म्हणून खरे मानू नका. मोजा, भागाकार करा, मग चिकटवा. विमानाला हात लावून बघायला हरकत नाही, फक्त चाके जपा.

सोडवा पाहू : एक खोली ७ मीटर २० सेंमी लांब आहे. ती ७२ पट लहान केली तर किती सेंमी होईल?

– इयत्ता चौथी, जि. प. प्राथमिक शाळा, सावेडी