मोबाईल भिजला, पडला किंवा फुगला तर : शेतावर घ्यावयाची काळजी

दौंड आणि शिरूर हे भीमा, मुळा-मुठा व घोड नद्यांच्या काठचे तालुके. दौंडला खडकवासला प्रकल्पाच्या नवीन मुठा उजव्या कालव्याचे, तर शिरूरला घोड व चासकमान प्रकल्पांचे पाणी मिळते. ऊस, कांदा, भाजीपाला आणि दुभती जनावरे यांवर येथील बहुतेकांचा प्रपंच चालतो. अशा भागात मोबाईल पाटात, विहिरीत, खताच्या टाकीत, दुधाच्या कॅनमध्ये किंवा गुऱ्हाळावर रसात पडणे नवलाचे नाही. रात्रीच्या पाळीला वीज असली की एका हातात खोरे, दुसऱ्या हातात मोबाईलची बॅटरी लावून दारे धरावी लागतात. वाकले की सदऱ्याच्या वरच्या खिशातला मोबाईल थेट सरीत जातो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मोबाईल आता शेतीचे अवजारच झाला आहे. मोटार चालू-बंद करणे त्यावर होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणीची नोंद शेतात उभे राहून, पिकाचा फोटो काढून मोबाईलवरच करावयाची असते आणि त्याला मुदत असते. बँकेचा आणि पीएम-किसानचा ओटीपी त्यावरच येतो. त्यामुळे ऐन मुदतीच्या आठवड्यात मोबाईल बंद पडणे म्हणजे ऐन पेरणीत पाभर मोडण्यासारखे आहे. पाभर दुरुस्त करणारा गावात असतो. मोबाईलच्या बाबतीत मात्र दुकानात पोचण्याआधी आपण काय करतो यावर बरेच अवलंबून असते.

पाण्यापेक्षा क्षार घातक

प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा शिक्षक आहे, मोबाईलचा कारागीर नाही. परंतु पाण्यातील क्षार हा आमच्या रोजच्या अभ्यासाचा विषय आहे, आणि भिजलेल्या मोबाईलचे दुखणे क्षारांशीच निगडित आहे.

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पाण्यात क्षार विरघळले की ती वाहू लागते. म्हणूनच ओलिताच्या पाण्याची प्रत आपण विद्युत वाहकतेवरून ठरवितो. वाहकता ०.२५ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असेल तर पाणी उत्तम, ०.७५ पर्यंत मध्यम, २.२५ पर्यंत जास्त क्षारांचे आणि त्यापुढे अति क्षारयुक्त समजतात. पावसाचे पाणी पहिल्या वर्गात बसते. कालव्याखालील भारी जमिनीतल्या अनेक विहिरींचे पाणी तिसऱ्या वर्गात, तर काहींचे चौथ्या वर्गात जाते. युरिया विरघळल्याने वाहकता फारशी वाढत नाही. पण पांढरा पोटॅश, अमोनियम सल्फेट किंवा विद्राव्य खते टाकलेल्या टाकीतल्या पाण्याची वाहकता विहिरीच्या पाण्याच्या कितीतरी पट असते. उसाच्या रसात साखरेबरोबर पोटॅश असतोच, शिवाय तो चिकट आणि आंबट.

मोबाईलच्या आत पातळ पट्टीवर तांब्याच्या केसासारख्या बारीक वाटा असतात. चालू मोबाईलमध्ये असे क्षारयुक्त पाणी शिरले की दोन वाटांमध्ये नको तेथून वीज वाहू लागते. त्या विजेने तांबे विरघळून दुसरीकडे जमते आणि हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड तयार होते. वीज जितका वेळ चालू, तितकी झीज अधिक. पाणी उडून गेले तरी क्षार मागे राहतात, हवेतला ओलावा ओढतात आणि हे काम सावकाश चालूच राहते. "वाळल्यावर आठ दिवस बरा चालला, मग एकाएकी बंद पडला" ही तक्रार ऐकू येते तिचे कारण बहुधा हेच. जमिनीत पाणी आटल्यावर क्षार पांढरे फुटतात, तसाच हा प्रकार.

भिजल्यानंतरचा पहिला तास

मोबाईल पाण्यातून काढल्याबरोबर बंद करावा. चालू असला तरी बंद करावा, आणि बंद झालेला असल्यास चालू होतो का हे पाहण्याचा मोह टाळावा. नुकसान होते ते बहुतेक याच मोहाने. साधा बटणाचा फोन असेल तर मागचे झाकण उघडून बॅटरी ताबडतोब बाहेर काढावी. या बाबतीत जुना साधा फोन महागड्या फोनपेक्षा सरस ठरतो. स्मार्टफोनची बॅटरी आत पक्की बसवलेली असते. फोन बंद केला तरी काही भागांना वीज मिळत राहते, त्यामुळे त्यात वेळ दवडून चालत नाही.

त्यानंतर सिम व मेमरी कार्डचा ट्रे काढून कार्डे पुसून ठेवावीत. मोबाईल कोरड्या सुती फडक्याने पुसावा आणि चार्जिंगचे छिद्र खाली येईल असा हलकेच झटकावा. जोरजोराने हलवू नये, तोंडाने फुंकू नये. दोन्हींमुळे पाणी आणखी आत जाते.

तांदळाच्या डब्यात मोबाईल पुरण्याची पद्धत घरोघर आहे. तांदूळ हवेतला ओलावा थोडाफार घेतो, पण मोबाईलच्या आतले पाणी ओढून काढत नाही आणि क्षार तर मुळीच काढत नाही. उलट तांदळाचा भुसा व पीठ छिद्रात जाऊन बसते. २०२४ मध्ये ॲपल कंपनीनेही भिजलेला फोन तांदळात ठेवू नये असे आपल्या सूचनांमध्ये सांगितले. पंख्याखाली, सावलीत उभा ठेवणे त्यापेक्षा बरे. चुलवणाच्या कडेला, तापलेल्या पत्र्यावर, कडक उन्हात किंवा केस वाळविण्याच्या यंत्रासमोर तर ठेवूच नये. उष्णतेने आतील गोंद सुटतो आणि बॅटरीला धोका पोचतो.

स्वच्छ पावसात थोडा भिजलेला फोन दोन दिवस वाळवून मग चालू करून पाहण्यास हरकत नाही. मात्र खताचे पाणी, विहिरीचे खारे पाणी, दूध, रस किंवा शेणपाण्यात पडलेला फोन न वाळविता त्याच दिवशी कारागिराकडे न्यावा. तो फोन उघडून, बॅटरीची जोडणी सोडवून, आतील पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो. क्षार निघून जाण्याचा भरवशाचा उपाय हाच आहे. घरातले रॉकेल, पेट्रोल किंवा सॅनिटायझर वापरू नये. सॅनिटायझरमध्ये पाणी व इतर पदार्थ असतात.

खोक्यावर आयपी ६७ किंवा आयपी ६८ लिहिलेले असले म्हणजे फोन पाण्यात टाकावा असे नाही. यातील पहिला ६ हा आकडा धुळीसाठी आहे. दुसऱ्या जागी ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्ध्या तासाची चाचणी. ८ साठी खोली व वेळ कंपनी स्वतः जाहीर करते. ही चाचणी नव्या फोनवर, स्वच्छ गोड्या पाण्यात होते. फोन एकदा आपटला, दुरुस्तीसाठी उघडला किंवा जुना झाला की त्याचे रबर व गोंद पूर्वीसारखे राहत नाहीत. असा प्रमाणित फोन रसात पडलाच, तर बंद करून स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेखाली धुणे योग्य. प्रमाण नसलेला फोन मात्र ओल्या फडक्याने बाहेरूनच पुसावा. पाण्याने झालेला बिघाड बहुतेक कंपन्या हमीत धरत नाहीत. फोनच्या आत एक पांढरी चिकटपट्टी असते, ती पाणी लागताच लाल होते. त्यामुळे "भिजला नव्हता" असे सांगून उपयोग होत नाही.

चार्जिंग होत नसल्यास

दुकानात जाण्यापूर्वी दुसरी वायर, दुसरा चार्जर आणि दुसरा प्लग या क्रमाने लावून पाहावे. अनेकदा दोष वायरीतच निघतो. तेही नाही तर चार्जिंगच्या छिद्रात उजेड टाकून पाहावे. खिशातला कापसाचा लोळ, पाचटाचा भुगा आणि माती तेथे दडपून बसतात व वायरीचे टोक पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने हे काढावे. सुई, तार, पिन यांचा वापर करू नये.

पंक्चरच्या दुकानात हवेच्या नळीने फोन साफ करून घेण्याची एक सवय आहे. तो दाब ट्रॅक्टरच्या टायरसाठी असतो. स्पीकर व माईकचा पडदा कागदाहून नाजूक असतो, तो फाटतो. तसेच सिमचा ट्रे काढताना पिन कोणत्या छिद्रात घालतो हे नीट पाहावे. ट्रेच्या रेषेला लागून असलेले छिद्र ट्रेचे. त्यापासून दूर, बहुधा चार्जिंगजवळ असलेले बारीक छिद्र माईकचे. माईकमध्ये पिन गेली की आपले बोलणे पलीकडे ऐकू जात नाही.

मोटारीच्या पेटीजवळच्या बोर्डावर फोन चार्जिंगला लावू नये. न्यूट्रल तुटल्यास तेथील प्लगवर २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. चार्जर तर जळतोच, फोनही त्याबरोबर जाऊ शकतो.

फुटलेली काच

काच तडकली पण चित्र आणि स्पर्श ठीक असेल तर काम चालते. मात्र त्यावर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे काचेचे कण बोटात जाणार नाहीत व तडीतून दव आत शिरणार नाही. काळा डाग पसरत असेल किंवा रेघा येत असतील तर आतील पडदा गेला आहे. काच व पडदा एकत्र जोडलेला असल्याने बहुधा पूर्ण जोड बदलावा लागतो.

चित्र दिसते पण स्पर्श चालत नाही, अशा वेळी एक युक्ती उपयोगी पडते. ओटीजी नावाची लहान जोडवायर बाजारात मिळते. तिच्या साहाय्याने संगणकाचा माऊस बहुतेक अँड्रॉइड फोनला जोडता येतो. पडद्यावर बाण दिसू लागतो आणि कुलूप उघडून फोटो, नंबर व कागदपत्रे दुसरीकडे घेता येतात. दुरुस्तीला टाकण्यापूर्वी हे काम उरकावे.

ट्रॅक्टरच्या किंवा मोटारसायकलच्या हँडलवर फोन अडकविण्याची पद्धत वाढली आहे. इंजिनाच्या सततच्या थरथरीने कॅमेऱ्यातील, चित्र स्थिर ठेवणारा भाग बिघडू शकतो, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ मध्ये मोटारसायकलींबाबत दिला होता. आपल्या शिवाररस्त्यांवरची थरथर कमी नाही. फोटो धूसर येऊ लागल्यास हे कारण तपासावे.

फुगलेली बॅटरी

सपाट फरशीवर ठेवलेला फोन भोवऱ्यासारखा फिरत असेल, मागचे झाकण किंवा पडद्याची कड उचलली असेल, तर बॅटरीत वायू साठला आहे. येथे काटकसर करू नये. फोन बंद करावा, चार्जिंगला लावू नये, दाबून झाकण बसवू नये आणि टोचून हवा काढण्याचा विचारही मनात आणू नये. लिथियम बॅटरी टोचली की पेट घेते. असा फोन उशाशी किंवा खिशात न ठेवता मातीच्या घमेल्यात, पाचट व कडब्यापासून दूर ठेवून कारागिराकडे न्यावा. धूर निघू लागल्यास आधी मेन स्विच बंद करावा, माणसांना बाजूला करावे आणि धूर छातीत घेऊ नये. जुनी बॅटरी उकिरड्यात किंवा चुलीत टाकू नये. दुकानदाराकडे परत द्यावी.

चाळीस अंशांच्या उन्हात बांधावर ठेवलेला फोन चटका बसेल इतका तापतो. तो तसाच चार्जिंगला लावणे हे बॅटरी फुगण्याचे एक मोठे कारण आहे. आधी सावलीत निवू द्यावा. फ्रीजमध्ये ठेवू नये, आत पाणी सुटते.

फवारणीच्या वेळी फोन

औषध मारताना फोन खिशात नसावा. औषधातील द्रावकांनी काचेवरील थर जातो ही गोष्ट लहान. त्याच फोनला हात लावून आपण तो कानाला व तोंडाजवळ नेतो, ही मोठी. फोन बांधावर, झाकणाच्या डब्यात ठेवावा. औषध उडालेच तर हात साबणाने धुऊन, फोन बंद करून, किंचित ओल्या फडक्याने पुसावा व ते फडके घरच्या वापरात घेऊ नये.

कारागिराकडे जाताना

दौंड, शिरूर, केडगाव, यवत, शिक्रापूर येथे दुरुस्तीची दुकाने आहेत आणि त्यांत हाताला चांगली कला असलेली मुले आहेत. तरी काही पथ्ये पाळावीत. सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे. बँकेचा पिन कोणालाही सांगू नये. काय बिघडले व किती खर्च येईल हे आधी विचारून मगच काम करण्यास सांगावे आणि बदललेला जुना भाग परत मागावा. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की येणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक फोन चांगला असतानाच वहीत लिहून ठेवावा. फोन परत घेताना दुकानातच एक फोन लावून पाहावा, दोन्ही कॅमेरे, स्पीकर, चार्जिंग आणि उन्हातला पडदा तपासावा.

दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या फोनच्या निम्म्याच्या वर जात असेल तर दुरुस्ती करू नये, असे माझे मत आहे. बंद झालेल्या कंपन्यांच्या फोनबाबत तर अधिकच सावध राहावे. आपल्या शेजारच्या रांजणगावात एके काळी एलजीचे मोबाईल तयार होत. कंपनीने २०२१ मध्ये जगभरातला मोबाईलचा धंदा बंद करण्याचे जाहीर केले. अशा फोनचे भाग म्हणून मिळतात ते बहुधा दुसऱ्या जुन्या फोनमधून काढलेले असतात. बिलावर लिहिलेली हमी दुकानदार पाळत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदविता येते. त्यासाठी बिल हवे, तोंडी शब्दावर भागत नाही.

फोन दुकानात असेपर्यंत सिम घरातल्या दुसऱ्या साध्या फोनमध्ये घालावे, म्हणजे ओटीपी अडत नाहीत. बहुतेक मोबाईल स्टार्टरमध्ये एकाहून अधिक नंबर नोंदविता येतात. त्यात घरातल्या आणखी एकाचा नंबर आजच नोंदवून ठेवावा आणि त्यांना मोटार चालू-बंद करून दाखवावी.