पीतबिंदू : उतारवयातील दृष्टीचा एक धडा

भालकी, बसवकल्याण वा आळंद, आपल्या भागात कोठेही वृद्ध माणसास अंधुक दिसू लागले की घरची मंडळी 'मोतीबिंदू असेल' म्हणून मोकळी होतात. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या शल्यविशारदांनी त्या विकाराची भीतीही बरीच घालविली आहे. तथापि प्रत्येक अंधुकपणा मोतीबिंदूचा नसतो, हे आम्हांस घरीच शिकावे लागले.

आमच्या अम्मींना कुराणशरीफ वाचताना ओळी वाकड्या दिसू लागल्या. "मोतीबिंदू पिकू द्या," असे म्हणत आम्ही वर्ष दवडले. तोवर उजव्या डोळ्यास दाराची चौकट दिसे, पण दारातील माणसाचा चेहरा दिसेना.

डोळ्याच्या आतील पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू नावाची लहानशी जागा असते. वाचणे, सुई ओवणे, चेहरा ओळखणे ही कामे तिच्याच बळावर चालतात. उतारवयात ती झिजू लागते. कोरड्या प्रकारात ऱ्हास सावकाश होतो. ओल्या प्रकारात पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या फुटून पाझरतात व दृष्टी झपाट्याने जाते.

या ओल्या प्रकारावर उपाय सापडला तो डॉ. नेपोलिओने फेरारा यांच्या शोधामुळे. सिसिलीतील कटानिया येथे वैद्यक शिकून ते अमेरिकेत संशोधन करू लागले. रक्तवाहिन्यांना वाढण्याची आज्ञा देणारे 'व्हीईजीएफ' हे प्रथिन त्यांनी व सहकाऱ्यांनी १९८९ साली वेगळे केले. त्यास अडविणारे बेव्हासिझुमॅब २००४ साली कर्करोगासाठी व रॅनिबिझुमॅब २००६ साली डोळ्यासाठी अमेरिकेत मान्य झाले. पुढे २०११ साली तेथील तुलनात्मक चाचणीत पहिले, पुष्कळ स्वस्त औषधही दृष्टी राखण्यात दुसऱ्याच्या तोडीचे ठरले. गरिबांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र ही इंजेक्शने वारंवार घ्यावी लागतात, कोरड्या प्रकारास ती लागू पडत नाहीत आणि मेलेल्या पेशी त्यांनी जिवंत होत नाहीत. म्हणून वेळ हेच मोठे औषध होय.

वाचकहो, मुलांच्या चौकटीच्या वहीचे एक पान घ्या व मध्यभागी ठिपका द्या. वाचनाचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, वीतभर अंतरावरून थोडे अधिक दूर धरून ठिपक्याकडे पाहा. मग दुसऱ्या डोळ्याने पाहा. रेषा वाकड्या वा पुसट दिसल्या तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. रेषा सरळ दिसल्या तरी पन्नाशीनंतर डोळ्यांची नियमित तपासणी चुकवू नका, आणि विडी-सिगारेट सोडा.

अम्मींच्या डाव्या डोळ्यास वेळेवर इंजेक्शने मिळाली. त्या एका डोळ्यावर त्या आजही ठळक अक्षरांची प्रत वाचतात. उजव्याचे ऋण आमच्या माथी आहे. ते फेडण्यासाठीच हा धडा.