पांदण सोडा, धुरा धरा

पुण्याहून आलेल्या चौघांना तो सल्ला एकदा नाही, तीनदा मिळाला होता. जैनथच्या चहाच्या टपरीवर, मग हातपंपाशी आणि शेवटी कापूस वेचणाऱ्या बायांकडून. "पांदणीनं नका जाऊ जी, धुऱ्यानं जा." चौघांनी मान डोलावली आणि सरळ पांदणीत शिरले. विदर्भात आणि तेलंगणाच्या या सीमेवर शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पांदण म्हणजे दोन शेतांमधला बैलगाडीचा रस्ता, एवढं मात्र माहीत होतं आणि फोनच्या नकाशावर तीच वाट उमटत होती.

आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर कापसाची काळी जमीन आहे. पाणी पिऊन ती फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. पांदणीत गाड्यांच्या चाकोऱ्या खोल गेलेल्या असतात, पाणी तिथेच साचतं. दहा पावलांत बुटांना चिखलाचा थर चढला, वीस पावलांत त्या थरावर दुसरा. सह्याद्रीच्या कातळावर जीव वाचवणारे खोल खाचांचे तळवे इथे चिखल धरून ठेवण्यात सर्वांत पटाईत निघाले. काडीने खरवडायचं, पुढे जायचं, पुन्हा खरवडायचं. जेमतेम एक किलोमीटर कापायला पाऊण तास गेला, आणि ज्या दुपारच्या बसवर परतीचा सगळा हिशोब होता ती निघून गेली.

"पायी काहून चालले जी? गाडी बंद पडली का?" वेचणी थांबवून एका मावशींनी विचारलं. मग त्याच पुढे झाल्या. अनवाणी, डोक्यावर कापसाचं गाठोडं आणि पाय धुऱ्यावर. धुऱ्यावर गवताची मुळं माती धरून ठेवतात आणि उंचवट्यामुळे पाणी निथळून जातं. अर्धा फूट वर चढताच चालणं सुरू झालं. एका बाजूला कापसाची पऱ्हाटी, मध्ये पिवळ्या फुलांवर आलेल्या तुरीच्या ओळी, कडेला बोरी आणि पळस. पुढचे दोन तास या चौघांच्या वर्षभराच्या भटकंतीतले सर्वांत चांगले ठरले. उत्तरेला पैनगंगेच्या अंगाने जमीन हळूहळू उतरत जाते, आभाळ मोठं होत जातं आणि पुढे मागे एकही रांग नसते.

हे मुद्दाम सांगायला हवं. पावसाळ्यातल्या शनिवारी हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर थांबून राहावं लागतं, आदिलाबाद जिल्ह्यातली सुट्टीची गर्दी कुंतला धबधब्याकडे वळते, आणि दोन्हीकडे वेफर्सची रिकामी पाकिटं मागे राहतात. चढ नाही तो ट्रेकच नव्हे असं मानणारे खूप आहेत. त्यांनी एकदा ओल्या काळ्या मातीत पाच किलोमीटर चालून पाहावं.

इंग्लंडमध्ये बसने खेड्यात उतरून असं शेतांमधून चालणं ही साधी सुट्टी असते, कारण शेतातून जाणारी पायवाट तिथे कायद्याने राखलेली आहे. तो हक्क फुकट मिळालेला नाही. 24 एप्रिल 1932 रोजी किंडर स्काउटच्या माळावर शेकडो लोक बंदी मोडून चालत गेले आणि काहींना त्यासाठी तुरुंगात जावं लागलं. महाराष्ट्राच्या गाव नकाशातही गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. धुरा मात्र खासगी असतो, म्हणून विचारूनच चढायचं, एकामागे एक चालायचं आणि उभ्या पिकात पाय टाकायचा नाही.

पोहोचणं सोपं आहे: नागपूरहून पांढरकवडामार्गे आदिलाबाद, तिथून बेला गावाकडे जाणारी बस, आणि सुमारे वीस किलोमीटरवर जैनथ. अडचण पाटीची आहे. तेलंगणाच्या गाड्यांवर गावाचं नाव बहुधा तेलुगूत असतं, तेव्हा वाहकाला "जैनथ?" एवढं विचारावं, मराठी इथे बऱ्याच घरांत बोलली जाते. महाराष्ट्रात एसटीचं तिकीट महिलांना मार्च 2023 पासून निम्म्या दरात मिळतं, पण ती सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. तेलंगणाचा मोफत प्रवास फक्त तिथल्या रहिवासी महिलांना आहे, त्यामुळे पाहुणीने तिकीट काढायचं.

गावातलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ बघितल्याशिवाय निघू नये. जैनथच्या शिलालेखात परमार राजा जगद्देवाचं नाव येतं. त्याचा अधिकारी लोलार्क याची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचं, म्हणजे सूर्याचं, मंदिर बांधलं असं त्यात म्हटलं आहे. जगद्देवाचाच यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावचा लेख शके 1034 चा, म्हणजे इ.स. 1112 चा आहे. म्हणजे आज दोन राज्यांमधली सीमा असलेली पैनगंगा तेव्हा सीमा नव्हती. कार्तिकात इथे उत्सव भरतो. तेव्हा गर्दी असते, पण बसही जास्त मिळतात.

पाऊस झाला असेल तर जमिनीला एक दिवस ऊन खाऊ द्यावं आणि मगच शेतात उतरावं. खोल खाचांचे बूट ठेवून सपाट तळव्याच्या सँडल घ्याव्यात. अंधार पडायच्या आत डांबरी रस्त्याला लागावं, कारण कापसाच्या शेतात घोणस असते. आणि शेवटची बस किती वाजता, हे फोनला न विचारता सकाळीच टपरीवर विचारून ठेवावं.

चौघे परतले ते बसने नव्हे. बाजाराला निघालेल्या कापसाच्या टेम्पोत चालकाशेजारी दोघांना जागा मिळाली आणि दोघे मागे गाठोड्यांवर बसले. आदिलाबादला उतरताना त्यांनी भाडं पुढे केलं, तर चालकाने ते घेतलं नाही, बुटांकडे बघून म्हणाला, "तेवढी माती इथंच झाडून जा जी, शेताची हाय."