बाटलीवर हेम्प लिहिलंय, आत काय आहे?

गुडघेदुखीवर उपाय म्हणून ऑनलाइन मागवलेली हेम्प तेलाची बाटली घेऊन सातारा-सांगलीकडचे रुग्ण आता दवाखान्यात येऊ लागले आहेत. ‘हे गांजाचंच तेल ना? नशा चढेल का?’ असं ते विचारतात, आणि विचारायलाच हवं.

अंबाडीही गांजाचाच प्रकार असावा, अशी शंका येऊ शकते; आधी ती दूर करतो. तिचं पान गांजासारखं कातरलेलं दिसतं आणि इंग्रजीत तिला ‘डेक्कन हेम्प’ म्हणतात, एवढंच साम्य. अंबाडी जास्वंद-भेंडीच्या कुळातली. फूल पिवळं, मधोमध गडद लाल, पाला आंबट. गांजाच्या झाडाला असं रंगीत फूल येत नाही. त्याच्या पानाचे भाग देठापर्यंत सुटे आणि कडांना करवतीसारखे दाते असतात. जिच्या वाखाचे आपण कासरे वळत आलो, त्या अंबाडीत नशेचा अंशही नाही. कण्या घालून, वर लसणाची फोडणी देऊन भाजी खुशाल खा. मुतखडा असेल तर मात्र बेताने.

खरा हेम्प आणि गांजा मात्र एकाच जातीची झाडं, कॅनाबिस. फरक टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याचा. इस्रायलमध्ये राफाएल मेकूलम यांनी 1964 मध्ये ते वेगळं काढलं. उत्तराखंडने 2018 मध्ये हेम्पच्या शेतीला परवानगी दिली, ती टीएचसी 0.3 टक्क्यांच्या आत असेल तरच. गांजात ते याच्या कित्येक पट असतं, आणि साठतं मादी झाडाच्या फुलोऱ्यातल्या चिकात. बियांत ते जवळपास नसतंच. म्हणून 2021 मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्य केलं. बियांच्या तेलाने नशा येत नाही. पण ते गुडघ्याचं औषधही नाही, जवसासारखं खाद्यतेल आहे. त्यासाठी हजारो रुपये घालवू नका.

लेबलवर ‘विजया अर्क’ किंवा ‘सीबीडी’ असेल तर गोष्ट वेगळी. तो कॅनाबिसच्या पानांचा अर्क, म्हणजे औषध. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं रक्तातलं प्रमाण तो वाढवू शकतो, यकृतालाही त्रास देऊ शकतो. लहान मुलांच्या काही दुर्मीळ फिट्समध्ये सीबीडीचा उपयोग सिद्ध झाला आहे. मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो, हे खोटं आहे. चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कॉलेजच्या पोरांची. उसाच्या फडात लपवून लावलेला गांजा पकडल्याच्या बातम्या आपल्याच भागातून येतात. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने तो गुन्हा आहेच, पण ‘झाडपाल्याचंच आहे, अपाय कसला’ ही समजूत मला अधिक घातक वाटते. पंचविशीपर्यंत मेंदूची वाढ चालू असते. या वयात रोज गांजा ओढणाऱ्यांत भास, संशय, स्किझोफ्रेनिया यांचा धोका वाढतो. घरात कुणाला मानसिक आजार असेल तर आणखीच. महाशिवरात्रीच्या भांगेलाही निरुपद्रवी समजू नका. पोटातून घेतलेली भांग चढायला तास-दोन तास लागतात, तोवर माणूस ‘काहीच झालं नाही’ म्हणून आणखी पितो आणि छातीत धडधड, घाबरगुंडी होऊन रुग्णालयात पोहोचतो. चुकून लहान मुलाच्या पोटात गेली तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठा.

घरातलं कुणी यात अडकलं असेल तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसासाठी कायद्याच्या कलम 64-अ मध्ये संरक्षणाची तरतूद आहे. व्यसनमुक्तीसाठी 14446 या मोफत क्रमांकावर आजच फोन करा.