मण्यांतलं औषध टिकेना

प्रश्न : बी. फार्म.च्या प्रकल्पासाठी सोडियम अल्जिनेटचे मणी केले, पण त्यांत मेटफॉर्मिन फारसं टिकत नाही. काय चुकतंय?
– एक विद्यार्थी, पेण

उत्तर : गळती बहुधा कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणातच होते. थेंब पडताच कॅल्शियम अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींना बांधतं आणि मणी घट्ट होतो. पण मेटफॉर्मिन पाण्यात सहज विरघळतं. मणी जितका वेळ बुडालेला, तितकं ते बाहेर झिरपतं. तासभर ठेवत असाल, तर दहा मिनिटांवर या. अल्जिनेट 2 ऐवजी 3 टक्के घ्या, कायटोसानचा लेप देऊन पाहा. मणी गाळल्यावर उरलेल्या द्रावणातलं औषध मोजा, तोटा नेमका कळेल.

मण्यांतून औषध कसं सुटतं, याची चाचणी 37 अंश सेल्सिअसला घ्या : आधी 2 तास 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, मग 6.8 पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये. आम्लात मणी आक्रसतो. बफरमधलं फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, तेव्हा तो फुगून विरतो.

उद्या रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत काम केलंत, तरी कसोटी हीच असेल : प्रत्येक बॅच सारखी यायला हवी. लागोपाठ तीन बॅच जुळल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.